मुंबई ते न्यूयॉर्क १२,५३० किलोमीटर, मग तिकिटावर सोळा तास कसे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई-बाबा (वय ६४ आणि ६८) ठाण्याला कासारवडवलीत राहतात आणि त्यांना न्यू जर्सीला मुलीकडे जायचं आहे. एका साइटवर मुंबई–न्यूयॉर्क अंतर १२,५३० किलोमीटर दिसलं. विमान ताशी ९०० किलोमीटरने जातं म्हणजे चौदा तास व्हायला हवेत. पण तिकिटावर जाताना १६ तास २० मिनिटं आणि येताना १४ तास ४० मिनिटं लिहिलंय. आखातात थांबा असलेलं दुसरं तिकीट २१ तासांचं आहे आणि स्वस्तही आहे. यातला खरा आकडा कोणता आणि तिकीट कोणतं घ्यावं?

चारही आकडे खरे आहेत, फक्त प्रत्येक आकडा वेगळी गोष्ट मोजतो. आणि तुमचा मूळ प्रश्न मला किलोमीटरचा वाटत नाही. साठी-सत्तरीतल्या दोन माणसांना घराच्या दारातून निघून मुलीच्या दारात पोचेपर्यंत किती वेळ जागं राहावं लागेल, त्यातला किती वेळ बसून, किती चालत आणि किती रांगेत जाईल, हे तुम्हाला हवंय. लांबच्या प्रवासाचे मार्ग आखून देणं हे माझं रोजचं काम आहे, आणि त्यात अंतराचा आकडा मी सगळ्यात शेवटी बघतो. तरी सुरुवात तिथूनच करतो, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो.

१२,५३० हा आकडा पृथ्वीच्या गोलावरून मोजलेल्या सगळ्यात जवळच्या वाटेचा आहे. घरात पृथ्वीगोल असेल तर एक दोरा मुंबईवर धरा, दुसरं टोक न्यूयॉर्कवर धरा आणि ताणा. दोरा अरबस्तान, भूमध्य समुद्र असा पश्चिमेला जाणार नाही. तो मुंबईतून जवळजवळ वायव्य-उत्तरेला सुटेल, पाकिस्तान, अफगाणिस्तान, मध्य आशिया, रशिया करत स्कँडिनेव्हियावरून थेट आइसलंडपर्यंत चढेल आणि मग ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडावर उतरेल. हिशोब केला तर ही वाट आइसलंडच्या पूर्वेला सुमारे ६४.७ अंश उत्तर अक्षांशापर्यंत जाते. मुंबई १९ अंशांवर आहे आणि न्यूयॉर्क ४०.६ अंशांवर, तरी वाट इतकी वर जाते. भिंतीवरच्या सपाट नकाशावर ती मोठी कमान दिसते आणि आडवी सरळ रेघ जवळची वाटते. प्रत्यक्षात आडवी रेघच लांब असते.

पण या दोऱ्यावरून तुमचं विमान जाणार नाही. फेब्रुवारी २०१९ च्या शेवटी पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केली होती, ती जुलैच्या मध्याला उघडली. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमान कंपन्यांसाठी ती पुन्हा बंद झाली आणि मग ही बंदी महिन्या-महिन्याने वाढवत नेली गेली. रशियावरून २०२२ पासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्या जाऊ शकत नाहीत. इराण, इराक आणि त्यांच्या आजूबाजूचं आकाश तणाव वाढला की काही तासांच्या सूचनेवर बंद होतं. जून २०२५ मध्ये कतारने एका संध्याकाळी हद्द बंद केली आणि आकाशात असलेली विमानं भलत्याच शहरांत उतरवावी लागली. त्यामुळे मुंबईहून निघालेलं विमान बहुतेक वेळा अरबी समुद्रावरून ओमान किंवा सौदीकडे वळतं आणि पुढचा मार्ग त्या दिवशी जे आकाश उघडं असेल त्यावर ठरतो.

वळसा किती पडतो तेही आकड्यात बघू. मुंबईहून इस्तंबूलच्या डोक्यावरून न्यूयॉर्कला गेलं तर ४,८३५ अधिक ८,०२५, म्हणजे सुमारे १२,८६० किलोमीटर होतात. सरळ दोऱ्यापेक्षा फक्त ३३० किलोमीटर जास्त. इराण-इराक टाळून सौदीवरून कैरोकडे आणि तिथून पुढे गेलं तर ४,३४० अधिक ९,०१५, म्हणजे सुमारे १३,३५५. हे ८२५ किलोमीटर जास्त झाले, म्हणजे जवळपास एक तास. मुंबई किनाऱ्यावर असल्याने आपल्याला एवढ्यावर भागतं. दिल्लीच्या विमानांना आधी गुजरातकडे खाली यावं लागतं आणि मग पश्चिमेला वळावं लागतं, त्यामुळे त्यांना ही बंदी जास्त जाचते. २०२५ मध्ये दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नाला उतरावं लागत होतं, त्याचं कारण हेच. ‘दिल्लीहून घ्या, तिकडून जवळ पडतं’ असं कोणी सांगितलं तर नकाशावर ते बरोबर आहे, पण हद्द बंद असताना घड्याळावर बरोबर नाही.

आता वेग. ताशी ९०० हा आजूबाजूच्या हवेच्या तुलनेतला वेग आहे. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर हवेचं तापमान उणे ५० अंशांच्या खाली असतं, तिथे ध्वनीचा वेग ताशी साधारण १,०६० किलोमीटर भरतो आणि मोठी प्रवासी विमानं त्याच्या ८४–८५ टक्क्यांवर चालवतात. पण हवा स्वतःच हलत असते. याच उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह असतो. हिवाळ्यात त्याच्या गाभ्यात वाऱ्याचा वेग ताशी २०० किलोमीटरच्याही वर जातो. अमेरिकेला जाताना हा वारा तोंडावर येतो आणि येताना पाठीवर असतो. मार्ग आखणारे जाताना त्याचा गाभा चुकवतात आणि येताना त्यात शिरतात. अटलांटिकवरचे ठरावीक मार्ग तर याच वाऱ्याच्या हिशोबाने रोज नव्याने आखले जातात.

संपूर्ण मार्गावर सरासरी ५० किलोमीटरचा वारा धरा. जाताना जमिनीच्या हिशोबाने वेग ८५० राहतो. १३,३५५ ला ८५० ने भागा, १५ तास ४३ मिनिटं येतात. येताना वेग ९५० होतो, तेव्हा त्याच अंतराला १४ तास ४ मिनिटं लागतात. त्यात आणखी ३५–४० मिनिटं मिळवायची. तिकिटावरचा वेळ विमान गेटवरून मागे ढकललं जातं तेव्हापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतचा असतो. रनवेपर्यंत रांगत जाणं, रांगेत थांबणं, चढण, उतरण आणि शेवटच्या घिरट्या हे सगळं त्यात धरलेलं असतं. मुंबईत हे जरा जास्तच लागतं, कारण सांताक्रूझच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात आणि दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. बेरीज करून पाहा, तुमचे १६ तास २० आणि १४ तास ४० मिनिटं बरोबर येतात. तिकिटात चूक नाही.

हा हिशोब ऋतूप्रमाणे हलतो. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी विमानांचं वेळापत्रक बदलतं. डिसेंबर–फेब्रुवारीत जाताना जास्त वेळ लागतो आणि येताना कमी. म्हणून सहा महिन्यांपूर्वी कोणी गेलं होतं तेव्हाच्या वेळेवर विसंबू नका.

एक शब्द नीट तपासा. ‘डायरेक्ट’ आणि ‘नॉनस्टॉप’ एकच नव्हे. डायरेक्ट म्हणजे विमानाचा क्रमांक तोच राहतो, पण मध्ये कुठे तरी उतरू शकतं. तुम्हाला हवं ते नॉनस्टॉप. तिकिटाच्या तपशिलात थांबे शून्य लिहिलेत का ते बघा. आणि नॉनस्टॉप असलं तरी फार उलटा वारा असलेल्या दिवशी इंधनासाठी उतरवण्याची वेळ येऊ शकते. इतक्या लांब जाणारी मोठी दोन इंजिनांची विमानं तासाला सात-आठ टन इंधन जाळतात, त्यामुळे एक तास वाढला की तेवढं इंधन तर लागतंच, शिवाय ते वाहून नेण्यासाठी आणखी थोडं लागतं. असं रोज होत नाही, पण न्यू जर्सीतल्या मुलीने त्याच दिवशी दुपारी दुसरं काही ठरवू नये.

आता थांब्याच्या तिकिटाकडे. आखातात उतरून गेलं की बरंच आडवळण पडतं असं बहुतेकांना वाटतं. मोजून पाहा. मुंबई–दुबई १,९३० किलोमीटर, दुबई–न्यूयॉर्क ११,०२०, एकूण १२,९५०. सरळ वाटेपेक्षा फक्त ४२० जास्त, म्हणजे अर्धा तासही नाही. लंडनवरून तर आणखी कमी: ७,२१० अधिक ५,५४०, एकूण १२,७५०. मग २१ तास कुठून आले? ते जमिनीवर गेले. एक जास्तीचं उतरणं-चढणं आणि मधला थांबा यांत. म्हणून दोन तिकिटांची तुलना करताना ‘किती तास’ इथे थांबू नका. किती तास बसून आणि किती तास पायावर, हे वेगळं मांडा.

थांब्यात नेमकं काय होतं ते सांगतो, कारण आई-बाबांची दमछाक इथेच होते. विमानातून उतरल्यावर पुन्हा सुरक्षा तपासणी होते. पाण्याच्या बाटल्या टाकायच्या, बूट-पट्टा काढायचा, हातातलं सामान पट्ट्यावर ठेवायचं. मग दुसऱ्या गेटपर्यंत चालायचं. मोठ्या विमानतळांवर ते एक-दीड किलोमीटर असू शकतं, मध्ये ट्रेन किंवा बस असू शकते. अमेरिकेच्या विमानांना गेटवर कागदपत्रांची आणखी एक तपासणी लागते. म्हणून तिकिटाची साइट दीड तासाची गाठ (पुढचं विमान पकडायला मिळणारा वेळ) ‘चालेल’ म्हणून दाखवते तरी ज्येष्ठांसाठी मी ती घेत नाही. पहिलं विमान चाळीस मिनिटं उशिरा आलं की गाठ तुटलीच. अडीच ते चार तास हा थांबा मला योग्य वाटतो. सहा तासांच्या वर गेला की खुर्चीवर बसून पाय सुजतात आणि थांब्याने मिळणारी विश्रांती मिळतच नाही.

अबू धाबीचा एक वेगळा फायदा आहे. तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम तिथेच आटोपतं आणि न्यूयॉर्कला देशातल्या देशात आल्यासारखं थेट बाहेर पडता येतं. सोळा तासांनंतर अमेरिकेत रांगेत उभं राहायला नको, ही ज्येष्ठांसाठी मोठी गोष्ट आहे. पण त्यासाठी थांबा तीन तासांच्या खाली असू नये. युरोपातून जायचं असेल तर ट्रान्झिट व्हिसाची (फक्त विमान बदलण्यासाठी लागणाऱ्या व्हिसाची) अट पासपोर्ट, अमेरिकेचा व्हिसा आणि तो देश यांवर ठरते आणि बदलत राहते. ते तिकीट काढण्याआधी विमान कंपनीकडून लेखी घ्या, ओळखीच्यांच्या अनुभवावर जाऊ नका.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे दोन वेगळी तिकिटं. मुंबई–दुबई एका कंपनीचं, पुढचं दुसऱ्या कंपनीचं, वेगवेगळ्या बुकिंगवर, कारण मिळून आठ हजार वाचतात. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत आणि नवं तिकीट स्वतःच्या खर्चाने घ्यावं लागतं. सामानही मध्ये काढून पुन्हा द्यावं लागू शकतं आणि त्यासाठी त्या देशात शिरण्याचा व्हिसा लागू शकतो. एकच बुकिंग क्रमांक आणि सामानाच्या पावतीवर शेवटचा विमानतळ, या दोन गोष्टी नसतील तर ते तिकीट घेऊ नका.

तुमच्या बाबतीत माझं मत असं आहे. दोघांना गुडघे, रक्ताभिसरण किंवा वारंवार लघवीचा त्रास नसेल, भाषेची भीती असेल आणि एकटे जात असतील, तर नॉनस्टॉप घ्या. एकदा बसवलं की बसवलं, चुकायला जागाच नाही. पण सोळा तास बसणं डॉक्टरांना नको वाटत असेल, तर एकाच बुकिंगवरचं, तीन तासांच्या थांब्याचं आणि व्हीलचेअर सांगून ठेवलेलं आखाती तिकीट जास्त चांगलं. पैशाचा फरक वीस हजारांच्या आत असेल तर पैशावरून ठरवू नका. व्हीलचेअर मागायला लाजू नका. चालता येत असलं तरी तिच्यासोबत मिळणारा माणूस रांगा आणि गेट शोधून देतो, आणि खरी मदत तीच असते. ती ४८ तास आधी नोंदवा आणि दोन्ही टप्प्यांवर नोंदली गेल्याची खात्री करा. बऱ्याचदा पहिल्याच टप्प्यावर नोंद राहते.

तारखेचा घोळ हा या प्रवासातला सगळ्यात नेहमीचा घोळ आहे. समजा तिकिटावर ‘१५ डिसेंबर, ०१:३०’ आहे. याचा अर्थ तुम्हाला १४ तारखेच्या संध्याकाळी घर सोडायचंय. १५ च्या रात्री विमानतळावर पोचलेलं कुटुंब चोवीस तास उशिरा आलेलं असतं. तिकिटावर पेनाने ‘१४ ला संध्याकाळी निघणे’ असं लिहून फ्रिजवर लावा. ०१:३० ला निघालेलं विमान १६ तास २० मिनिटांनी, म्हणजे भारताच्या संध्याकाळी ५:५० ला पोचतं. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं, म्हणून तिथे त्याच दिवशी सकाळचे ७:२० झालेले असतात. तिकिटावर बघितलं तर प्रवास पावणेसहा-सहा तासांचाच वाटतो. येताना उलट: १५ ला सकाळी ११ ला निघालं, १४ तास ४० मिनिटं लागली, तर मुंबईत १६ तारखेचे दुपारी १२:१० झालेले असतात.

न्यूयॉर्कची वेळ मनात काढायची सोपी रीत म्हणजे दिवस-रात्र उलटी करायची आणि हिवाळ्यात दीड तास पुढे जायचं. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा तर तिकडे सकाळचे आठ. उन्हाळ्यात दीडऐवजी अडीच तास. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेते. २०२६ मध्ये हे दिवस ८ मार्च आणि १ नोव्हेंबर आहेत. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर हा फरक डॉक्टरांना दाखवून वेळा लिहून घ्या, कारण जाताना दिवस साडेदहा तासांनी लांबतो. इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवा, विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात ते गोठून बाद होऊ शकतं.

घर ते विमानतळ हा टप्पा लोक हिशोबात धरतच नाहीत, आणि कासारवडवलीकरांसाठी तोच सगळ्यात बेभरवशाचा आहे. टर्मिनल दोनपर्यंत तीस किलोमीटरच्या आसपास अंतर, पण वेळ पाऊण तासापासून अडीच तासांपर्यंत काहीही. नेहमीची वाट घोडबंदर रोडने माजिवडा, पूर्व द्रुतगती महामार्गाने विक्रोळी आणि तिथून जेव्हीएलआरने (जोगेश्वरी–विक्रोळी लिंक रोडने) पवई, मरोळ, सहार. संध्याकाळी जेव्हीएलआर दोन्ही बाजूंनी भरलेला असतो. दुसरी वाट गायमुखवरून फाउंटन आणि दहिसरहून पश्चिम द्रुतगतीने. ती गायमुखच्या घाटात अडकली की मागे फिरायलाही जागा नसते, म्हणून पावसाळ्यात आणि घाटात दुरुस्ती चालू असताना ती घेऊ नका. रात्री उशिरा निघायचं असेल तर घोडबंदरवर अवजड गाड्या सोडलेल्या असतात हेही लक्षात ठेवा.

उलटा हिशोब करा. विमान ०१:३०. काउंटर साधारण तास-सव्वा तास आधी बंद होतात. व्हीलचेअर आणि सामान धरून साडेतीन तास आधी, म्हणजे दहाला टर्मिनलवर. रस्त्याला दोन तास. म्हणजे आठच्या आत गाडी सोसायटीच्या गेटबाहेर. जेवण साडेसहा-सातला उरका.

आणखी एक नवी खबरदारी. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमानं सुटतात. साइटवर ‘मुंबई’ टाकलं की दोन्ही विमानतळांची तिकिटं एकत्र येतात. तिकिटावरचा कोड बघा: बीओएम (BOM) म्हणजे सांताक्रूझ-सहार, एनएमआय (NMI) म्हणजे नवी मुंबई. ऐरोली, कोपरखैरणे किंवा पनवेलला राहणाऱ्यांना एनएमआय सोयीचं, पण कासारवडवलीहून ठाणे–बेलापूर रस्ता पूर्ण पार करून उलव्यापर्यंत जावं लागतं. दिल्ली किंवा आखातमार्गे जाणार असाल तर जाताना एक विमानतळ आणि येताना दुसरा असं तर होत नाही ना, ते दोन्ही बाजूंच्या कोडवर बोट ठेवून बघा.

विमानात बसल्यावरचं थोडक्यात. आयलची (चालायच्या वाटेला लागून असलेली) सीट घ्या, दर दीड-दोन तासांनी उठून मागच्या गॅलीपर्यंत (विमानातल्या स्वयंपाकघरापर्यंत) चालून या, डॉक्टरांनी सांगितले असतील तर दाबाचे (कॉम्प्रेशन) पायमोजे घरूनच घालून निघा, आणि मधुमेहाचं जेवण दोन दिवस आधी नोंदवा. मुलीचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहून दोघांच्याही खिशात ठेवा, एकाच्या मोबाइलमध्ये नको.

परतीसाठी गाडी सांगताना विमान १२:१० ला उतरणार म्हणून १२:१५ ची सांगू नका. गेट, इमिग्रेशन आणि सामानाचा पट्टा धरून दुपारी दीडची सांगा. आणि तारीख १६ ची सांगा, १५ ची नाही. ड्रायव्हरला टर्मिनलचं नाव तोंडी सांगू नका, तिकिटावरचा कोड व्हॉट्सॲपवर पाठवा.